अकरावा रकाना

आमच्या तक्त्यातल्या अकराव्या रकान्यात दोन चौकटी आहेत. एक ‘परिस्थितीजन्य’, दुसरी ‘स्वकृत’. वर प्रश्न असा: अर्जदाराच्या दारिद्र्याचे मुख्य कारण. बाकीचे रकाने साधे आहेत. खोल्या किती, खिडक्या किती, खाणारी तोंडं किती, कमावते हात किती. ते भरायला डोळे पुरतात. अकराव्यासाठी मात्र अर्जदाराला तोंडावर विचारायचं, तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, खाली त्याची सही घ्यायची आणि दोनपैकी एका चौकटीत खूण करायची. परिस्थितीजन्य असेल तर संस्था मदत करते. स्वकृत असेल तर छापील पत्र जातं. गरीब माणूस आपल्या गरिबीला स्वतः जबाबदार असतो का, यावर शहाणीसुरती माणसं तासन्‌तास वाद घालतात. मी रोज सहा घरांत त्याचा निकाल लावत असे, आणि जेवायच्या सुट्टीला वेळेवर परत येत असे.

नऊ वर्षं घरभेटी केल्या, मग बढती मिळाली आणि मी खुर्चीत बसले. आता मी तपासनीस. घरी जाणारे दुसरे, त्यांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात, मी वाचते आणि सही करते. माझी सही झाली की अर्जाचं काय ते ठरलं.

पहिल्या वर्षी मी रडले होते, हे कबूल करते. एक आख्खा आठवडा. दुसऱ्या वर्षी रडू येईनासं झालं आणि तिसऱ्या वर्षी ते येत नाही हेही लक्षात येईनासं झालं. यात फुशारकी नाही आणि तक्रारही नाही. हाताला घट्टा पडला की सुई टोचलेली कळत नाही, इतकंच.

एक गोष्ट मात्र या कामात फार लवकर कळली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्याच्या नावाने खडे फोडणारा माणूस पास होतो. एका गृहस्थाने मला तासभर सासूची गाऱ्हाणी सांगितली होती. ती मरून बारा वर्षं झाली होती, तरी घराचं छत तिच्यामुळेच गळत होतं. त्याला छत मिळालं. आणि एक म्हातारा पहारेकरी होता, पोटच्या पोराने घराबाहेर काढलेला. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. मी त्याला विचारलं, बाबा, ही वेळ का आली? तो उठून उभा राहिला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, ‘चूक माझीच आहे.’ परक्या बाईसमोर त्याला पोराची अब्रू काढायची नव्हती. मी ते त्याच्या शब्दांत उतरवलं, त्याची सही घेतली आणि स्वकृतवर खूण केली. नियमच तसा आहे. ज्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं, ती माणसं चूक तेवढी आपल्याकडे ठेवून घेतात.

एवढं सगळं कळत असूनही मी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत माती खाल्ली.

दादा रंगारी. इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. दोन वर्षांपूर्वी परांची कलली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून पडला. खुब्याचा सांधा गेला. यंदा डॉक्टर म्हणाले, सांधा बदलला तर शिडीवर नाही, पण जमिनीवर उभं राहून काम करेल. नाही बदलला तर वर्षभरात अंथरुणाला खिळेल. खर्चाचा आकडा ऐकून वहिनी हसली होती. माझ्या दोन वर्षांच्या पगारातही तो बसला नसता, आणि त्या पगारावर माझं चार माणसांचं घर चालतं. नवऱ्याला काम असतं तेव्हा असतं.

आमची संस्था सांधे बदलून देते. दरवर्षी पंचवीस. मी अर्ज आणला आणि दादाच्या घरी बसून माझ्याच हाताने भरला. त्यात एक ओळ आहे: संस्थेत नोकरीस असलेले नातेवाईक. तिथे खरं लिहिलं असतं तर अर्ज मोठ्या समितीकडे गेला असता, आणि समितीकडे पडलेले अर्ज वर्ष-दीड वर्ष हलत नाहीत. तेवढे दिवस दादाच्या हाडाकडे नव्हते. मी लिहिलं, ‘नाही’.

हे अंगाशी येऊ शकतं हे मला पुरतं माहीत होतं. आमच्या भांडारवाल्याने सासूच्या अर्जात असंच लिहिलं होतं. उघडकीला आलं तेव्हा अर्ज बाद झाला नाही, सासूबाईंचे उपचार नीट पार पडले. भांडारवाला तेवढा नोकरी जाऊन घरी बसला.

घरभेटीच्या आधीच्या रविवारी मी दादाची तालीम घेतली.

‘कारण विचारतील. काय सांगशील?’

‘पडलो म्हणून.’

‘नुसतं पडलो नाही. काम करताना पडलो. परांची मालकाने बांधली होती.’

‘बांधली मीच होती गं.’

‘दादा!’

‘बरं बाई, मालकाने.’ तो हसला. ‘पंचेचाळीस वर्षं खरं बोलून काय मिळवलं म्हणा.’

‘आणि माझं नाव घ्यायचं नाही. नाव सोड, बहीण हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. तुला बहीण नाहीच. कळलं?’

‘कळलं.’

‘म्हण.’

‘मला बहीण नाही,’ दादा म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारला. ‘बारके, लहानपणी हे म्हटल्यावर आई मला बदडायची.’

वहिनी ओट्याशी भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

इथे माझ्या मनातलं सांगून टाकते. दादा गरीब का, याचं उत्तर माझ्याकडे पडण्याच्या कितीतरी आधीपासून तयार होतं. चोविसाव्या वर्षी तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कायम झाला होता. खोली, औषधपाणी, म्हातारपणी पेन्शन, सगळं. दीड वर्षात त्याने ती नोकरी सोडली. मी तेव्हा दुसऱ्या शहरात शिकत होते. आईने पत्रात एका ओळीत कळवलं होतं, दादाचं मन रमेना म्हणून त्याने काम सोडलं. मला लाज वाटली होती. पुढे लग्नानंतर कुणी विचारलं, भाऊ रंगकाम का करतो, तर मी म्हणायचे, ‘त्याच्या हातात कायमची नोकरी होती, पण स्वभावाला औषध नाही.’ लोक मान डोलवायचे. मीही डोलवायचे. मनातल्या मनात मी दादाच्या स्वकृतवर वीस वर्षांपूर्वीच खूण करून ठेवली होती. फक्त भाऊ म्हणून त्याच्यावर माया होती, इतकंच.

घरभेटीला मास्तर गेले. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. अक्षर छापल्यासारखं, आणि माणूस सुतासारखा सरळ. त्यांचीच पाळी असेल असं मी बघून घेतलं होतं. दुसरे दोघे दारातूनच खुणा करून येतात. मास्तर आत बसतात, पाणी पितात, ऐकून घेतात. दादाला ऐकून घेणारा माणूस मिळावा, असा माझा हिशेब होता. घोडं नेमकं तिथेच अडलं. दारातून परत फिरणाऱ्याने मोडलेला खुबा बघितला असता, खूण केली असती आणि पुढचं घर गाठलं असतं.

बुधवारी दुपारी मास्तरांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला, पण ते गेले नाहीत. समोरची खुर्ची ओढून बसले.

‘मॅडम, हा जरा वाचा.’

मी वाचलं. खोली एक, खिडकी एक, खाणारी तोंडं दोन, कमावते हात दोन, ते पत्नीचे. अकराव्या रकान्यात मास्तरांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं:

‘रंगकाम करताना पडलो. परांची मालकाने बांधली होती. (थांबून) नाही, मीच बांधली होती. त्याआधी पंपावर कायम होतो. ती नोकरी मी सोडली. कारण काही नाही, कंटाळा आला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणासाठी सोडली नाही. ती टिकवली असती तर हे रंगकाम करायची वेळच आली नसती. तेव्हा चूक माझीच आहे.’

खाली दादाची सही. तो सही करताना आडनावाचं शेवटचं अक्षर खाली ओढतो, तसंच ओढलेलं. पुढे स्वकृतवर खूण.

‘पंपाचं यांना विचारलं कुणी?’ मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

‘मीच. आधी काय करायचात म्हटलं, तर सांगून मोकळे झाले. मॅडम, त्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. कंटाळा आला म्हणाले तेव्हाही कान लाल झाले होते. समासातलं वाचलंत का?’

समासात बारीक अक्षरात होतं:

‘पत्नीचे म्हणणे वेगळे. तिच्या मते अर्जदाराचे वडील कंबरेखाली लुळे पडले. आईला एकटीला उचलवत नसे. बहीण परगावी शिकत होती. तिला कळले तर शिक्षण सोडून परत येईल म्हणून कळवायचे नाही असे अर्जदाराने ठरवले आणि स्वतः नोकरी सोडून तीन वर्षे वडिलांचे सर्व केले. शिवाय सकाळी पेपर टाकून बहिणीच्या वसतिगृहाचे पैसे पाठवले. अर्जदाराने पत्नीस गप्प बसवले. “ही काहीतरी बोलते, मला बहीणच नाही” असे म्हटले.’

मी ते दोनदा वाचलं.

बाबा आजारी आहेत हे मला माहीत होतं. पाठीचं दुखणं, असं पत्रात असायचं. तीन वर्षांत मी दोनदाच घरी गेले, दोन्ही वेळा चार-चार दिवस. बाबा खाटेवर उशांना टेकून बसलेले असायचे, नीट भांग पाडलेला, अंगात धुतलेला सदरा. मी असताना ते एकदाही उठून उभे राहिले नाहीत. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. बुधवारी दुपारी अडीच वाजता आलं.

आणि पैसे. वसतिगृहाचे पैसे बाबांच्या पेन्शनमधून येतात असं मी समजत होते. बाबांना पेन्शनच नव्हती. एवढा सोपा हिशेब दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात मी चुटकीसरशी पकडला असता.

मला काय वाटलं, असं विचाराल तर सांगते. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, ते येईल म्हणून मी जरा वाट पाहिली. पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर टाइप करणारी बाई डबा उघडून बसली होती. 

मास्तर पुढे झुकले. ‘मला काही हे पटेना, मॅडम. बाई खरं बोलत होती. आणि हा माणूस त्या बहिणीला अजून झाकतोय. अर्जात बहिणीची नोंद नाही, म्हणजे काहीतरी भानगड असणार, पण ती आपल्याला काय करायची? अर्जदाराच्या म्हणण्यावर नातेवाइकाचा लेखी जबाब आला तर खूण बदलता येते, फक्त त्याच घरात राहणाऱ्या पत्नीचा चालत नाही. कलम आहे तसं. त्या बहिणीने एक कागद लिहून दिला ना, की हो, याने माझ्यासाठी नोकरी सोडली, की मी आत्ता परिस्थितीजन्य करतो. यंदाचा एक सांधा शिल्लक आहे. मी जाऊ का परत? शोधून काढतो तिला.’

एक कागद. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, पेन हातात होतं. चार ओळी लागल्या असत्या. त्या चार ओळींखाली माझं नाव आलं असतं आणि अर्जातलं ‘नाही’ खोटं आहे, हे लगेच उघडं पडलं असतं. 

मी घरातल्या चार माणसांचा विचार केला. खोटं कशाला बोलू, मी त्यांचा विचार नंतर केला. आधी मला या टेबलाचा विचार आला. ही खुर्ची, हा पंखा, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार. दादाने सोडली तशीच एक कायमची नोकरी.

‘वेळ घालवू नका, मास्तर,’ मी म्हटलं. ‘अर्जदाराने स्वतः सही केलीये. त्याचंच म्हणणं धरायचं असतं.’

‘पण मॅडम...’

‘एकाला परत गेलात तर उद्या सगळ्यांना जावं लागेल.’

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. मास्तरांना राग येत नाही, वाईट वाटतं. ‘पंधरा दिवस असतात,’ ते उठताना म्हणाले. ‘पत्र गेल्यापासून पंधरा दिवस फाइल उघडता येते. मी आपलं सांगून ठेवतो.’

ते जागेवर गेल्यावर मी सही केली. मग त्या दिवशीचे आणखी अकरा तक्ते तपासले. एकात बेरीज चुकली होती, ती दुरुस्त केली.

पत्र शुक्रवारी गेलं. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी दादाकडे गेले. नऊ दिवस झाले होते. सहा उरले होते.

वहिनी मला कायम अगंतुगं करते. माझ्या लग्नात तिने माझे केस विंचरले होते. त्या दिवशी दार उघडून ती म्हणाली, ‘या. बसा.’

दादा खुर्चीवर बसला होता, दुखरा पाय स्टुलावर. मांडीवर जुने ब्रश घेऊन त्यांच्या मुठीवरचा वाळलेला रंग खरवडत होता. विकायला काढले होते.

‘पत्र आलं तुमचं,’ तो म्हणाला. ‘भाषा फार चांगली आहे गं. नाही म्हणतात, पण वाईट वाटू देत नाहीत. तू लिहिलंस का?’

‘छापील असतं ते.’

‘असू दे. मास्तर भला माणूस. पाणी मागून प्याला आमच्याकडे. तुझ्यावर काही आलं नाही ना?’

‘नाही.’

‘मी नाव घेतलं नाही. हिच्या तोंडून बहीण निघालं, पण मी सावरून घेतलं.’ तो हे जरा अभिमानाने म्हणाला. तालमीत शिकवलेलं निदान एवढं तरी जमलं, असं.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातातलं फडकं तिने घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. तिने मास्तरांना सगळं सांगितलं होतं, आणि मास्तरांनी लिहिलेलं माझ्याकडेच येतं हे तिला माहीत होतं.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘पंपावरची नोकरी तू का सोडलीस?’

दादाचे कान लाल झाले. ब्रश खाली ठेवून त्याने दुसरा उचलला.

‘कंटाळा आला होता. शंभरदा सांगितलंय तुला. दिवसभर ते घुं-घुं ऐकायचं, कोण बसेल?’ मग त्याने मान वर केली. ‘मी परवापासून विचार करतोय बारके. त्या पत्रात काही खोटं नाही. टिकून राहिलो असतो तर कशाला चढलो असतो परांचीवर? कुणी ढकललं होतं का मला? तू इतकी माणसं बघतेस, तूच सांग. चूक माझीच ना?’

तो उत्तराची वाट बघत होता. खोटं सांगत नाही, त्याला एकच उत्तर हवं होतं. दुसरं उत्तर मिळालं असतं तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं, आणि वीस वर्षं ज्याच्यासाठी तोंड मिटून बसला ते सगळं त्याच्या डोळ्यांदेखत वाया गेलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तेही सांगत नाही.

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

‘हो दादा,’ मी म्हटलं. ‘तुझीच.’

वहिनी आत निघून गेली. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला.

दादाने मान डोलावली. त्याचा चेहरा हलका झाला होता. मी पर्स उचलली तशी तो म्हणाला, ‘थांब, तुला सोडतो,’ आणि मी नको-नको म्हणत असताना स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, भिंत धरली आणि मला दारापर्यंत पोचवायला उभा राहिला.